योगाची चटई आणि व्यापाराची गादी

व्यापारात भांडवल दोन प्रकारचे असते. एक तिजोरीत असते, दुसरे गिऱ्हाइकाच्या मनात. तिजोरीतले भांडवल बँकेकडून, भावाकडून किंवा सावकाराकडून उसने आणता येते. मनातले भांडवल उसने मिळत नाही, ते कमवावे लागते. मराठीत त्याला पत म्हणतात, आपल्या बाजारात साख म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांत या देशातील मध्यमवर्गाच्या घराघरात सर्वांत झपाट्याने साख कमावली ती योगगुरूंनी. ती कशी कमावली गेली, तिच्यावर माल कसा विकला गेला आणि ती कोठे झिजली, याचा हिशेब आम्ही व्यापाऱ्याच्या नजरेने मांडणार आहोत. आसने करावीत की करू नयेत, हा आमचा विषय नाही. तो ज्याच्या त्याच्या तब्येतीचा आणि मर्जीचा प्रश्न आहे.

जुनी पेढी

योग शिकवणे हा नवा उद्योग नाही. आपल्या महाराष्ट्रातच लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम ही संस्था काढली आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो याची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. १९५२ मध्ये यहुदी मेनुहिन या जगप्रसिद्ध व्हायोलिनवादकाशी त्यांची भेट झाली आणि त्यांचे नाव परदेशात पोहोचले. १९६६ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक आले, १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन ताठ झालेल्या शरीरालाही आसन कसे करता येईल हे त्यांनी दाखविले.

या जुन्या पेढीची रीत कारागिराची होती. उस्तादाने शागिर्दाचा हात धरून शिकवायचे, चूक तेथेच दुरुस्त करायची. माल उत्तम, पण उत्पादन थोडे. एका गुरूच्या नजरेखाली किती शिष्य बसणार? ज्याला वेळ होता, ज्याला गोडी होती, तोच तेथे जाई. कचेरीत फायली चाळणारा कारकून, बँकेतला अधिकारी, दुपारी दोन तास झोपणारा दुकानदार, यांच्यापैकी बहुतेक या दारात गेले नाहीत.

धीरेंद्र ब्रह्मचारी यांनी इंदिरा गांधींच्या काळात दूरदर्शनवर योग दाखविला आणि ते घरोघरी माहीत झाले. त्यांचा जम्मूत बंदुकांचा कारखानाही होता, हे आजच्या पिढीला सांगून खरे वाटणार नाही. म्हणजे गुरू आणि कारखाना ही जोडी जुनीच आहे. मात्र बंदुकीचा आणि आसनांचा गिऱ्हाईक एक नव्हता. एकाच गिऱ्हाइकाला आधी श्वास शिकवायचा आणि मग त्यालाच साबण, तूप, दंतमंजन विकायचे, ही कल्पना पुढे आली.

पहाटेचा पडदा

१९९१ नंतर देशात उपग्रह वाहिन्या आल्या. २००० साली आस्था ही धार्मिक वाहिनी सुरू झाली, तशीच संस्कारही. वाहिन्यांच्या हिशेबात पहाटेची वेळ म्हणजे बाजारातला मागचा गाळा. तेथे गर्दी नाही, म्हणून भाडे कमी. पण पहाटे कोण जागे असते? निवृत्त माणूस, मधुमेही, रक्तदाबाचा रोगी, सांधेदुखीने झोप न येणारी घरातली वडीलधारी बाई. म्हणजे ज्याला तब्येतीची चिंता आहे, नेमका तोच. याच वेळेला बाबा रामदेव पडद्यावर आले. १९९५ साली हरिद्वारजवळ कनखल येथे त्यांनी आपल्या साथीदारांसह दिव्य योग मंदिर ट्रस्ट स्थापन केला होता. पहिल्या सात-आठ वर्षांत त्यांचे नाव हरिद्वारच्या आसपासच होते. टीव्हीवर आल्यानंतर दोन-तीन वर्षांत ते देशभर झाले.

त्यांनी काय वेगळे केले, हे आमच्या तरुण व्यापारी बंधूंनी नीट पाहावे. कठीण आसने त्यांनी बाजूला ठेवली आणि कपालभाती, अनुलोम-विलोम असे श्वासाचे प्रकार पुढे आणले. पोट सुटलेला पन्नाशीचा माणूसही ते जमिनीवर बसून करू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, बूट लागत नाहीत, क्लबची फी लागत नाही. भाषा साधी हिंदी, मध्येच विनोद, आणि प्रत्येक प्रकाराबरोबर आजाराचे नाव. अमुक केले तर शुगर, तमुक केले तर बीपी. संस्कृत शब्द कमी आणि घरातल्या आजारांची नावे जास्त. गिऱ्हाइकाच्या बोलीत माल दाखवला की निम्मा सौदा तेथेच होतो.

मध्यमवर्ग का वळला?

याचे श्रेय एकट्या गुरूला देणे बरोबर होणार नाही. मागणी आधीच तयार होती. पगार वाढले तशी बसून करायची कामे वाढली. चालणे कमी झाले, तळलेले आणि गोड वाढले. मधुमेह आणि रक्तदाब हे श्रीमंतांचे आजार म्हणून ओळखले जात, ते चाळीपर्यंत आले. हे आजार असे की औषध एकदा सुरू झाले की बहुधा जन्मभर घ्यावे लागते. डॉक्टरांकडे गर्दी, बोलायला वेळ नाही, तपासणीची चिठ्ठी मात्र लांब. अशा माणसाला कोणी सांगितले की तुझा इलाज तुझ्याच नाकात आहे आणि तो फुकट आहे, तर तो का ऐकणार नाही?

त्यात खरेही काही होते. नियमित व्यायाम, खोल श्वास, लवकर उठणे, खाण्यावर ताबा याने शरीर हलके होते, झोप सुधारते, हे कोणताही डॉक्टर मान्य करील. ज्याने वीस वर्षांत हातपाय हलवले नव्हते त्याने रोज अर्धा तास काही केले तर त्याला फरक जाणवणारच. तो फरक त्याने शेजाऱ्याला सांगितला, शेजाऱ्याने साडूला सांगितला. कोणत्याही कंपनीला ही जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

दुसऱ्या गुरूंनी दुसरा गिऱ्हाईक निवडला. श्री श्री रविशंकर यांची आर्ट ऑफ लिव्हिंग संस्था १९८१ सालची. तिची सुदर्शन क्रिया शहरातल्या कंपन्यांत काम करणाऱ्या, ताणाने थकलेल्या वर्गात पसरली. जग्गी वासुदेव यांच्या ईशा फाउंडेशनने इंग्रजी बोलणारा तरुण वर्ग ओढला. कापडाच्या बाजारात जसे एकाचे सुटिंग, एकाचे साडीचे आणि एकाचे चादरीचे दुकान असते, तसे हे झाले. गल्ली एकच, पण गिऱ्हाईक वेगळा.

सरकारनेही हात दिला. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरविला. त्या ठरावाला १७७ देशांनी सहपुरस्कर्ते म्हणून नाव दिले. २१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योग केला, त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. त्या वेळी आपल्या समाजात सूर्यनमस्काराबद्दल शंका होती. सरकारने पहिल्या योग दिनाच्या कार्यक्रमात सूर्यनमस्कार ठेवला नाही, तेव्हा ती बरीच निवळली. सकाळी बागेत श्वासाचे व्यायाम करणाऱ्यांत आपलेही बुजुर्ग दिसतात. तब्येतीची चिंता सर्वांना सारखीच आहे.

शिबिरातून दुकानात

आता धंद्याकडे येऊ. शिबिराला प्रवेशशुल्क असे आणि ते देणगी म्हणून घेतले जाई. तिकिटे वेगवेगळ्या रकमेची, आणि रकमेप्रमाणे सोयी वेगळ्या. पुढे हा मामला कराच्या खात्यात गेला. ऑक्टोबर २००६ ते मार्च २०११ या काळातील शिबिरांवर सेवाकर लागतो की नाही, हा प्रश्न होता. अलाहाबादच्या अपील न्यायाधिकरणाने २०२३ साली सांगितले की, फी घेऊन दिलेले हे शिक्षण म्हणजे आरोग्य व व्यायामाची सेवाच आहे. पतंजली योगपीठ ट्रस्टवर दंडासह सुमारे साडेचार कोटी रुपयांची आकारणी कायम झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय उचलून धरला. देणगी म्हणा, हदिया म्हणा किंवा फी म्हणा, पैशाच्या बदल्यात काही दिले की ती विक्री होते. आपल्यातील शिकवण्या आणि दवाखाने चालविणाऱ्या ट्रस्टच्या विश्वस्तांनी हा निकाल मुद्दाम वाचावा.

२००६ साली पतंजली आयुर्वेद ही कंपनी स्थापन झाली. रामदेव चेहरा, पण मालकी त्यांच्या नावावर नाही. कंपनीचा बहुतांश हिस्सा, सुमारे ९४ टक्के, त्यांचे साथीदार आचार्य बाळकृष्ण यांच्या नावावर असल्याचे जाहीर झाले होते. माल प्रथम आपल्याच चिकित्सालयांतून आणि आरोग्य केंद्रांतून विकला गेला. ही दुकाने चालविणारे आणि तेथे येणारे, दोघेही भक्त. वितरकाला वेगळे कमिशन देऊन पटवायची गरज नव्हती. किराणा दुकान आणि मोठी विक्रीदालने नंतर आली. २०१५ साली बिग बझारशी करार झाला.

आता आकडे पाहा. २०११-१२ मध्ये उलाढाल साडेचारशे कोटींच्या आसपास होती. २०१४-१५ मध्ये ती दोन हजार कोटींवर गेली, पुढच्या वर्षी पाच हजार कोटींच्या जवळ आणि २०१६-१७ मध्ये १०,५६१ कोटी रुपये झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यात एकट्या गाईच्या तुपाचा वाटा १,४६७ कोटी आणि दंतकांतीचा ९४० कोटी. ज्या परदेशी कंपन्या कित्येक दशके या देशात बसल्या होत्या त्यांनाही जाग आली. कोलगेटने वेदशक्ती काढली, हिंदुस्थान युनिलिव्हरने आपला जुना आयुष छाप पुन्हा बाजारात आणला आणि इंदुलेखा हे केसांचे तेल विकत घेतले. एका भगव्या वस्त्रातील माणसाने मोठमोठ्या कंपन्यांना आपली पाकिटे हिरवी करायला लावली, ही गोष्ट मान्यच केली पाहिजे.

आमच्या धंद्यात काय झाले?

योगाच्या लाटेचा फायदा कापडाला झाला, पण सगळ्या कापडाला नाही. आसने करायला ताणले जाणारे कापड लागते. ते म्हणजे लायक्रा मिसळलेली होजिअरी, जी गोल यंत्रावर विणली जाते आणि मीटरवर नव्हे, किलोवर विकली जाते. हा धंदा तिरुपूरचा आणि लुधियान्याचा. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागावर ताणा-बाण्याचे कापड निघते. गिऱ्हाइकाने पायजमा सोडून ट्रॅक पँट मागायला सुरुवात केली तेव्हा आमच्या मागांना त्याचा उपयोग झाला नाही. सवय बदलली की कापड बदलते आणि कापड बदलले की गाव बदलते, हे आपल्या मागवाल्यांनी ओळखले पाहिजे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये दिवाळीच्या तोंडावर पतंजलीनेही दिल्लीत ‘परिधान’ नावाने कपड्यांचे दुकान काढले. पुरुषांसाठी संस्कार, बायकांसाठी आस्था, खेळ आणि योगासाठी लिव्हफिट. जीन्सपासून साडीपर्यंत सुमारे तीन हजार प्रकार ठेवल्याचे सांगण्यात आले. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा आमच्या मनात एकच विचार आला. तुपाला साइज नसते. तुपाचा डबा छत्तीसच्या कमरेला आणि चाळीसच्या कमरेला सारखाच लागू पडतो. कपड्यात प्रत्येक नमुन्याचे पाच साइज, प्रत्येक साइजचे चार रंग, आणि हंगाम संपला की उरलेला माल कपाटात पडून राहतो. साख असेल तर गिऱ्हाईक दुकानात येतो. पण आरशासमोर उभा राहिला की तो गुरूला नाही, फिटिंगला पाहतो.

साख कोठे झिजली?

२०१७-१८ साली उलाढाल वाढायची थांबली आणि उतरून ८,१०० कोटींच्या आसपास आली. जीएसटीची अडचण सर्वांनाच होती. पण इतर कारणे घरातली होती. माल इतक्या प्रकारचा काढला की तो सगळा आपल्या कारखान्यात बनणे शक्य नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये हरिद्वारच्या एका न्यायालयाने दुसऱ्यांनी बनविलेला माल आपला म्हणून दाखविल्याबद्दल आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल अकरा लाखांचा दंड केला. एप्रिल २०१७ मध्ये लष्कराच्या कँटीन विभागाने आवळा रसाच्या एका खेपेची विक्री तपासणीतील निकालानंतर थांबविली. दुसऱ्याकडून माल घेऊन आपला छाप मारणे हे बाजारात चालते, आम्हालाही ठाऊक आहे. पण छाप ज्याचा, जबाबदारी त्याची. कापडाचा रंग पहिल्या धुण्यात उतरला तर गिऱ्हाईक गिरणीचे नाव विचारत नाही, दुकानाचे नाव सांगत फिरतो.

मात्र याहून मोठी झीज दाव्यांमुळे झाली. २३ जून २०२० रोजी, करोनाच्या भर साथीत, कोरोनिल हे औषध त्या रोगावरचा इलाज म्हणून जाहीर झाले. त्याच दिवशी केंद्रीय आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला सांगितले. महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्यात त्याची विक्री होऊ देणार नाही असे जाहीर केले. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोरोनिलबाबतचे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला.

दुसरीकडे ॲलोपॅथीला नावे ठेवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध डॉक्टरांची संघटना २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने समज दिली, कंपनीने हमी दिली, तरी जाहिराती थांबल्या नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अवमानाची नोटीस निघाली. एप्रिलमध्ये ६७ वर्तमानपत्रांत माफी छापली गेली, तेव्हा न्यायालयाने विचारले की माफीची जाहिरात मालाच्या जाहिरातीएवढी मोठी आहे काय? अखेर १३ ऑगस्ट २०२४ रोजी माफी स्वीकारून प्रकरण बंद झाले.

वाचकांनी हे लक्षात घ्यावे की आपल्या देशात १९५४ सालचा एक कायदा आहे, औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर अमुक औषधाने इलाज होतो अशी जाहिरात करण्याला त्यात मनाई आहे. हा कायदा आयुर्वेदाला लागू, युनानीला लागू, आणि आपल्या मोहल्ल्यात हमखास इलाजाचे फलक लावणाऱ्यांनाही लागू. कारण तेथे गिऱ्हाईक म्हणजे रोगी. खराब कापड घेतलेल्याचे शंभर-दोनशे रुपये जातात. ज्याने जाहिरातीवर विश्वास ठेवून इन्सुलिन सोडले त्याचे डोळे जातात, मूत्रपिंड जाते, कधी जीवही जातो. ही उधारी कोणत्याही वहीत लिहून फिटत नाही.

शरबताचा मामला

एप्रिल २०२५ मध्ये गुलाब शरबताची जाहिरात करताना रामदेव यांनी दुसऱ्या एका शरबताच्या पैशातून मशिदी आणि मदरसे बांधले जातात असे म्हटले आणि त्याला ‘शरबत जिहाद’ असे नाव दिले. रूह अफजा बनविणारी हमदर्द कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ही विधाने अंतःकरणाला धक्का देणारी आहेत असे न्यायमूर्तींनी सुनावले आणि व्हिडिओ काढायला लावले. पुन्हा असे करणार नाही अशी हमी घेतल्यावर मे महिन्यात प्रकरण मिटले.

यातली गंमत अशी की दोन्ही घरांची घडण बरीचशी सारखी आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ साली जुन्या दिल्लीत एक छोटा दवाखाना काढला. वैद्याच्या नावावर लोकांचा भरवसा बसला आणि त्या भरवशावर औषधे व शरबत विकले गेले. त्यांचे चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली हा सगळा धंदा वक्फ केला. त्यातून पुढे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या, १९८९ साली जामिया हमदर्दला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सरकारने हकीमसाहेबांना १९९२ साली पद्मभूषण दिले. तेथे सर्व धर्मांची मुले शिकतात.

शरबताची तुलना शरबताशी व्हावी. साखर किती, चव कशी, भाव काय, हे खुशाल सांगावे. शेजारच्या दुकानदाराच्या मालाची खोट काढायची सोडून जो त्याची जात-धर्म काढतो, तो आपल्या मालाबद्दल सांगण्यासारखे काही उरले नाही अशी कबुलीच देतो. आमच्या बाजारात अशा दुकानदाराला जुने व्यापारी कधी जवळ बसवीत नसत.

आपण काय घ्यावे?

पतंजली बुडाली असे कोणी समजू नये. २०१९ साली तिने दिवाळखोरीत निघालेली रुची सोया ही तेलाची मोठी कंपनी ४,३५० कोटींना घेतली आणि २०२२ साली तिचे नाव पतंजली फूड्स केले. नागपूरच्या मिहानमध्ये २०१६ साली भूमिपूजन झालेल्या फूड पार्कचे मार्च २०२५ मध्ये उद्घाटन झाले, तेथे विदर्भाच्या संत्र्यांवर प्रक्रिया होते. संत्रा उत्पादकांना योग्य भाव मिळाला तर त्याचे स्वागतच करू.

आमच्या तरुण व्यापाऱ्यांना या सगळ्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आधी उपयोगाची गोष्ट फुकट शिकवा, विक्री नंतर होईल. शिवणकामाचे दुकान असेल तर कापड कसे ओळखावे हे गिऱ्हाइकाला शिकवा, मसाल्याचे असेल तर भेसळ कशी तपासावी हे दाखवा. गिऱ्हाइकाच्या बोलीत बोला. जेथे भाडे कमी आणि गरज जास्त, अशी वेळ आणि जागा शोधा. भाव असा ठेवा की पगारदाराच्या महिन्याच्या यादीत तुमचे नाव टिकेल.

आणि जे टाळायचे तेही याच वहीत लिहून ठेवा. जो माल आपण बनवू शकत नाही, तपासू शकत नाही, त्यावर आपले नाव घालू नका. एका धंद्यातली साख दुसऱ्या धंद्यात जशीच्या तशी चालेल असे समजू नका. आजारी माणसाला खात्री विकू नका. साख पहाटेच्या अर्ध्या अर्ध्या तासाने, वर्षानुवर्षे जमते, आणि खर्च मात्र एका जाहिरातीत होते. लाखो लोकांनी त्या पडद्यासमोर बसून श्वास आत घेतला, कारण समोरचा माणूस आपल्या भल्याचे सांगतो असे त्यांना वाटले. असा भरवसा ज्याच्या गल्ल्यात पडला त्याने तो गिऱ्हाइकाची अमानत म्हणून सांभाळावा. त्याला नफा समजून जो उधळतो, त्याची गादी कितीही उंच असली तरी वही खोटीच निघते.